'सर्व्हर डाऊन' म्हटलं की गाव का थांबतं? जुन्नर-आंबेगावच्या रोजच्या कामांमागची साखळी

जुन्नर / आंबेगाव : पहाटे डेअरीवर दुधाचं कॅन टेकलं की आधी चालू होतो तो इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅट काढायचं मशीन. तिथून घरी येईपर्यंत व्हॉट्सअॅपवर नारायणगाव मार्केटचा टोमॅटोचा क्रेटचा भाव आलेला असतो. विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाईलवरून चालू होते. रेशनला अंगठा, बँकेला ओटीपी, सातबारा ऑनलाईन, चहाच्या टपरीवर क्यूआर कोड. दहा-पंधरा वर्षांपूर्वी यातलं जवळपास काहीच नव्हतं. आज यातलं एक जरी बंद पडलं तरी माणूस अर्धा दिवस खोळंबतो आणि उत्तर एकच मिळतं : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

हा सर्व्हर नेमका असतो कुठे, तो बंद का पडतो आणि तो बंद असताना आपलं काम अडू नये म्हणून काय करता येतं, हे समजून घेतलं तर बऱ्याच चकरा वाचतील.

जगाशी जोडलेला तालुका, पण रेंज नसलेली वाडी

तंत्रज्ञान जुन्नरला नवं नाही. नारायणगावजवळच्या आर्वीत १९७१ मध्ये 'विक्रम' उपग्रह भू-केंद्र सुरू झालं आणि परदेशातले फोन उपग्रहामार्फत इथून जोडले जाऊ लागले. खोडदला तर जगातली नावाजलेली रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. म्हणूनच तिथे पाहायला जाणाऱ्यांना मोबाईल बंद करायला सांगतात, कारण हातातल्या फोनच्या लहरींनी त्या कामात अडथळा येतो.

पण त्याच तालुक्यात पश्चिमेला घाटघरकडे, किंवा आंबेगावात आहुप्याच्या बाजूला गेलं, की मोबाईलची रेंज शोधायला टेकाड गाठावं लागतं. काम ऑनलाईन झालं ते सगळ्यांसाठी, रेंज मात्र सगळीकडे सारखी नाही. अडचणीचं मूळ इथे आहे.

अंगठा लावल्यावर काय होतं?

रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन स्वतः काहीच ठरवत नाही. अंगठा लावला की त्याची खूण मशीनमधल्या सिमकार्डवरून, जवळच्या टॉवरमार्गे, दूरच्या आधारच्या सर्व्हरकडे जाते. तिथे नोंदवलेल्या ठशाशी ती जुळते का ते पाहिलं जातं. 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर त्याच वाटेने परत येतं. मग मशीन कार्डावरचं धान्य दाखवतं आणि पावती निघते.

म्हणजे बोट, मशीन, टॉवर, सर्व्हर अशा चार कड्या झाल्या. यातली कुठलीही तुटली तरी दुकानदार एकच वाक्य म्हणतो. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा : रेंज नाही, मशीन बिघडलंय, सर्व्हरच बंद आहे, की अंगठा जुळत नाही? रेंज नसेल तर थोड्या वेळाने काम होतं. सर्व्हर बंद असेल तर आसपासच्या सगळ्याच दुकानांत तीच गत असते, तेव्हा दुसरीकडे धावून उपयोग नाही. पण अंगठाच जुळत नसेल, तर उद्या येऊनही तो जुळणार नाही.

मातीत, चुन्यात, सिमेंटमध्ये राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. वय वाढलं की कातडी कोरडी होऊन ठसा पुसट उमटतो. यात त्या म्हाताऱ्या माणसाची काही चूक नसते. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे अंगठा नाही उठला तर हात धुऊन, पुसून दुसरी बोटं लावून पाहायची. कार्डावर नाव असलेला आणि आधार जोडलेला घरातला दुसरा माणूसही धान्य आणू शकतो. आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने नोंदवता येतात.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवायची. केवळ अंगठा जुळला नाही किंवा नेटवर्क नव्हतं म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. अशा वेळी वहीत नोंद करून धान्य द्यायचं, अशी ती पद्धत आहे. दुकानात काम झालं नाही तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा विभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

ओटीपी भोसरीत, माणूस घोडेगावात

दुसरी नेहमीची अडचण ओटीपीची. घरात पहिला स्मार्टफोन आला तो मुलाचा, म्हणून आई-वडिलांच्या आधारला नंबर लागला तोही मुलाचाच. आता मुलगा भोसरीला नाहीतर चाकणला कंपनीत, मोबाईल लॉकरमध्ये आणि आई घोडेगावात सेतू केंद्रावर ओटीपीची वाट पाहत बसलेली. काही घरांत तर आधारला लावलेलं जुनं सिम कधीच बंद पडलंय.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा हे सगळ्यात जास्त जाणवलं. बाईच्या स्वतःच्या आधारचा ओटीपी हवा आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही हवा. दोनपैकी एक नंबर बंद असला की दीड हजाराचा हप्ता टांगणीला.

यावर उपाय सोपा आहे, पण तो योजनेची शेवटची तारीख यायच्या आधी करायचा असतो. प्रत्येकाच्या आधारला, शक्य असेल तर, त्याच्या स्वतःच्या हातातला नंबर जोडून घ्यावा. त्यासाठी वेगळी कागदपत्रं लागत नाहीत. आधार केंद्राशिवाय पोस्टमनकडूनही हे काम होतं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने ही सोय २०२१ मध्ये सुरू केली. पीएम किसानसाठी ओटीपी किंवा अंगठा दोन्ही जमत नसेल, तर त्यांच्या अॅपवर चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय जून २०२३ पासून आहे.

मोटर मोबाईलवर, बिबट्या उसात

गॅजेट म्हणजे फक्त चैन, असं म्हणणाऱ्याने एकदा रात्रीच्या पाळीची लाईट असताना विहिरीवर जाऊन पाहावं. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केलं. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, ते काही उगाच नाही. अशा भागात मोबाईल स्टार्टर म्हणजे जिवाची काळजी आहे.

हा स्टार्टर चालतो कसा? पेटीत एक सिमकार्ड असतं. आपण कॉल केला की ते पॅनेलला मोटर चालू-बंद करायला सांगतं. तीन फेजपैकी एखादी नसेल तर चांगला स्टार्टर मोटर चालूच होऊ देत नाही, त्यामुळे ती जळायची वाचते. पण लोक विसरतात ते एवढंच, की त्या सिमलाही रिचार्ज लागतो. मुदत संपली की पेटी मुकी होते आणि माणूस पुन्हा बॅटरी घेऊन अंधारात निघतो. घरातल्या मोबाईलसोबत पेटीतल्या सिमची तारीखही कॅलेंडरवर लिहून ठेवायला हवी.

दुसरा धोका ऑटोस्विचचा. लाईट आल्याबरोबर सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. मोटर सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्यांनी मिळून एकदम ओढलं की डीपीवर ताण येतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते आणि मग आठ-आठ दिवस पिकाला पाणी नाही. म्हणून महावितरण ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवा, असं वारंवार सांगतं. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापसात ठरवून मोटरी थोड्या थोड्या वेळाने चालू केल्या, तरी बराच फरक पडतो.

रात्री जावंच लागलं तर एकट्याने जाऊ नये. बॅटरी हवी, हातात काठी हवी, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावावीत. बिबट्या दिसला तर वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे.

सातबारा सोपा झाला, पीक पाहणी अंगावर आली

संगणकाने त्रासच वाढवला, असंही नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात किती वेळा जावं लागायचं, ते जुन्या माणसांना विचारावं. आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाईलवर निघतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो.

पण १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि जे काम तलाठी करायचा ते शेतकऱ्याच्या हातात आलं. स्वतःच्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तो जागेच्या अक्षांश-रेखांशासह नोंदवला जातो. ही नोंद नसेल तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. आणि पीक दिसलं नाही, तर अवकाळीत ते झोपलं तरी भरपाई, विमा, पीककर्ज सगळीकडे प्रश्न उभा राहतो. ज्याला मोबाईल जमत नाही त्याच्यासाठी गावपातळीवर सहाय्यक नेमलेले असतात. शेवटच्या आठवड्यात अॅपवर सगळ्यांची गर्दी होते, म्हणून पेरणी उगवून आली की लगेच नोंद करणं शहाणपणाचं.

पैसे खात्यात आहेत, पण हातात नाहीत

नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण आजही उभा आहे. तिथून आता टपरीवरच्या क्यूआर कोडपर्यंत आपण आलो आहोत. पण १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआय काही तास अडखळलं. खात्यात पैसे असून लोकांना पेट्रोल पंपावर आणि दुकानात थांबून राहावं लागलं. त्या दिवशी खिशात दोन-पाचशेची नोट होती त्याचं काम झालं. दवाखाना, एसटी आणि दोन दिवसांचा किराणा एवढी रोकड घरात असावी, ती यासाठीच. साधा फोन असणाऱ्यांना *९९# डायल करून, इंटरनेटशिवाय, खात्यातली शिल्लक पाहता येते आणि पैसेही पाठवता येतात.

याच मोबाईलमधून पैसे जातातही. गावाच्या ग्रुपवर 'पीएम किसान यादी', 'गाडीचं चलन', 'लग्नपत्रिका' अशा नावाची फाईल येते आणि तिच्या शेवटी 'एपीके' असतं. ती यादी नसते, अॅप असतं. उघडून परवानगी दिली की तुमचे मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याला दिसू लागतात. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली तरी ती उघडू नये, कारण त्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लाजू नये, थांबू नये. लगेच १९३० ला फोन करावा आणि बँकेला कळवावं. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाटेतच रोखले जाण्याची शक्यता जास्त असते.

माळीणची आठवण

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. ही खबर बाहेर कुठल्या मशीनने दिली नाही. नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, म्हणून ती बाहेर कळली.

आज धोक्याचा इशारा थेट मोबाईलवर देण्याची सोय येते आहे. २०२३ मध्ये त्याच्या चाचणीवेळी घरोघरी फोन एकदम वाजले होते, ते अनेकांना आठवत असेल. पण तो इशारा पोहोचायला रेंज हवी, फोनला चार्जिंग हवं आणि पावसाळ्यात डोंगराखालच्या वाड्यांत नेमकं तेच आधी जातं. म्हणून कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोण आजारी आहे, कोणाचा फोन दोन दिवस लागत नाही, ही माहिती शेजाऱ्याला असलीच पाहिजे.

घरात एवढं करून ठेवा

- आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा यांची एक-एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
- घरातले, डॉक्टरचे, वायरमनचे, पोलीस पाटलांचे नंबर वहीत लिहून भिंतीला लावा. मोबाईल बंद पडला की पाठ असलेले नंबर फार थोडे निघतात.
- डेअरीची पावती, ऑनलाईन अर्जाची पोच फोनमध्ये आहे यावर विसंबू नका. महत्त्वाची कागदावर काढा.
- पिन आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, सेतू केंद्रवाल्यालाही वहीत लिहून देऊ नका.
- अडचणीत पोलीस, अॅम्ब्युलन्स, अग्निशमन यासाठी ११२, लाईटच्या तक्रारीसाठी १९१२.

मोबाईल सोडा, असं आज कुणी कुणाला सांगू शकत नाही आणि सांगूही नये. मोटर त्यावर आहे, भाव त्यावर आहे, हप्ता त्यावर आहे. पण 'सर्व्हर डाऊन' ऐकून मुकाट्याने घरी परतायचं, की नेमकी कुठली कडी तुटली ते विचारून दुसरी वाट मागायची, एवढं मात्र आपल्या हातात आहे.