कृषिकामगार-निवास, इंग्लंडमधील

कृषिकामगार-निवास, इंग्लंडमधील : एरवी जेथे नवीन घर बांधू दिले जात नाही, अशा खुल्या ग्रामीण भूमीवर शेती किंवा वनसंवर्धन यांत काम करणाऱ्यांसाठी सशर्त परवानगीने बांधलेले घर. सामान्यतः बांधकामाची परवानगी वास्तूला मिळते व तीत कोण राहतो याची चौकशी कायदा करीत नाही. येथे मात्र परवानगी रहिवाशाच्या उपजीविकेशी जोडलेली असते. या पद्धतीचे गुण व तीतून निर्माण होणाऱ्या अडचणी या दोहोंचे मूळ या एका विशेषात आहे.

दोन महायुद्धांमधील काळात शहरांतून निघणाऱ्या रस्त्यांच्या कडेने घरांच्या लांबच लांब रांगा पसरत गेल्या व सुपीक जमीन झपाट्याने बांधकामाखाली गेली. न्यायमूर्ती स्कॉट यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण भूमि-उपयोग समितीने १९४२ च्या आपल्या अहवालात शेतजमिनीच्या रक्षणावर भर दिला. पुढे १९४७ चा नगर व ग्रामनियोजन अधिनियम संमत होऊन १ जुलै १९४८ पासून अंमलात आला. त्यानुसार प्रत्येक ‘विकासा’स परवानगी आवश्यक ठरली, परंतु शेतीसाठी होणारा जमिनीचा वापर विकास मानला गेला नाही आणि गोठे, कोठारे इ. शेतकी इमारतींनाही बव्हंशी मोकळीक राहिली. घर मात्र या सवलतीतून वगळले गेले. परिणामी गायींसाठी गोठा उभारणे सोपे, पण त्या गायींची निगा राखणाऱ्या गुराख्याच्या घरासाठी रीतसर अर्ज करणे भाग, अशी स्थिती उद्‌भवली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) याच्या उलट मार्ग स्वीकारलेला दिसतो. तीतील ‘शेतघर’ या संज्ञेच्या व्याख्येत अवजारे, चारा व गुरे यांच्या जागेबरोबरच धारकाचे कुटुंबीय, नोकर व कुळे यांच्या निवासाचाही समावेश आहे.

इंग्लंडमधील नियोजन प्राधिकरणांनी यावर अटीचा तोडगा काढला. बकिंगहॅम परगण्याने १९५२ मध्ये हरितपट्ट्यातील दोन जोडघरांना परवानगी देताना, त्यांत शेती, वनसंवर्धन किंवा मुख्यतः शेतीवर अवलंबून असलेला उद्योग यांत काम करणाऱ्या वा पूर्वी केलेल्या व्यक्ती आणि त्यांचे आश्रित यांनीच राहावे, अशी अट घातली. घरे पुढे विकत घेणाऱ्या फॉसेट प्रॉपर्टीज या कंपनीने अट संदिग्ध व गैरलागू असल्याचा दावा केला. काम त्याच परिसरातील असावे, असे अटीत म्हटलेले नव्हते, आणि ‘शेतीवर अवलंबून असलेला उद्योग’ म्हणजे काय, याला सीमा नव्हती. हे आक्षेप क्षुल्लक नव्हते. तथापि हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९६० मध्ये अट वैध ठरविली. नंतर रूढ झालेल्या नमुनेदार अटीत शब्दयोजना आवळण्यात आली. तीनुसार रहिवासी त्या परिसरात केवळ वा मुख्यत्वे शेती अथवा वनसंवर्धन यांत काम करणारा, किंवा अखेरचे काम तेथे केलेला असावा लागतो. त्याची विधवा (वा विधुर) आणि आश्रित यांनाही राहण्याचा अधिकार मिळतो.

परवानगीची पात्रता ठरविण्याच्या कसोट्या शासकीय मार्गदर्शक पत्रकांतून, विशेषतः २००४ च्या सातव्या नियोजन-धोरण-निवेदनाच्या परिशिष्टातून, स्पष्ट झाल्या. पहिली कसोटी गरजेची. कामगार दिवसरात्र जवळपास असणे शेतीच्या कामासाठी आवश्यक असले पाहिजे. मालकाची आवड वा सोय विचारात घेतली जात नाही. मेंढ्या व गायी विण्याचा हंगाम हे तिचे ठळक उदाहरण होय. मध्यरात्री अडलेल्या मेंढीला मदत वेळेवर न मिळाल्यास मेंढी व कोकरू दोन्ही दगावतात. काचगृहातील ताप-नियंत्रण बिघडून पीक गोठण्याचा धोका हेही कारण ग्राह्य धरले जाई. चोरीची भीती मात्र एकटी पुरेशी नसे. दुसरी कसोटी आर्थिक. व्यवसाय किमान तीन वर्षे चाललेला, त्यांपैकी निदान एका वर्षी नफ्यात असलेला आणि पुढे टिकण्याजोगा असावा लागे. नव्या व्यवसायास आधी तीन वर्षांपुरते फिरते वा लाकडी घर मंजूर होई. शेजारच्या गावात घर उपलब्ध आहे काय, हेही पाहिले जाई. कॅमेरे व स्वयंचलित सूचनायंत्रे आल्यापासून, गावात राहून गोठ्यावर लक्ष ठेवता येणार नाही काय, हा प्रश्न अपील निरीक्षकांपुढे वारंवार येतो. अर्थात कॅमेऱ्याला अडलेले वासरू दिसते, ते सोडविता येत नाही. २०१२ च्या राष्ट्रीय नियोजन-धोरण-चौकटीने परिशिष्ट रद्द केले व ग्रामीण कामगाराची ‘अत्यावश्यक गरज’ एवढेच सूत्र ठेवले. तरी निर्णय देताना जुन्या कसोट्यांचा आधार घेतला जातोच.

नियोजनाची अट घराला शेतीशी बांधते, तर नोकरीचा करार घराला मालकाशी बांधतो. नोकरीबरोबर मिळणाऱ्या व तिच्याबरोबरच जाणाऱ्या घरांना ‘टाइड कॉटेज’ म्हणत. काम सुटले की छप्पर सुटले, या भीतीमुळे मजूर वेतनाविषयीही तोंड उघडीत नसे, अशी शेतमजूर संघटनेची दीर्घकाळची तक्रार होती. १९७६ च्या कृषिविषयक भाडे अधिनियमाने पात्र कामगारांना घरात राहण्याचे संरक्षण दिले. शेतकऱ्याला घर नव्या कामगारासाठी खरोखर हवे असल्यास जुन्याची अन्यत्र सोय लावण्याची जबाबदारी स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणावर आली. १५ जानेवारी १९८९ पासूनच्या नव्या कामगारांना १९८८ च्या गृहनिर्माण अधिनियमाखालील संरक्षण लागू झाले. मूळ पेच मात्र कायम आहे. आयुष्यभर गुरे राखून निवृत्त झालेला गुराखी त्याच घरात राहतो. नियोजनाच्या अटीनुसारही तो योग्य रहिवासीच असतो. पण गोठ्यालगत राहणे ज्याला गरजेचे, त्या त्याच्या वारसदाराला घर उरत नाही. शेतकरी दुसऱ्या घराचा अर्ज करतो, तेव्हा प्राधिकरण पहिल्या घराचे काय झाले, असे विचारते.

अटीमुळे घराची किंमत बाजारभावाहून बरीच कमी राहते. साहजिकच ती काढून घेण्याचे अर्ज पुष्कळ येतात. अट विचारात घेऊन ठरविलेल्या किमतीस घर काही काळ विक्रीस ठेवूनही शेतीतील कोणी ग्राहक आला नाही, असे सिद्ध करावे लागते. सलग दहा वर्षे अटीचा भंग होऊनही कारवाई न झाल्यास तो राहणीचा प्रकार कायदेशीर ठरतो. विनापरवाना घरासाठी ही मुदत इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पर्यंत चारच वर्षांची होती. तिचा लाभ घेण्यासाठी सरे परगण्यातील एका शेतकऱ्याने गवताच्या गंजीआड किल्लेवजा घर उभारून चार वर्षे लपविले होते. न्यायालयांनी दाद न दिल्याने २०१६ मध्ये ते पाडावे लागले.

युनायटेड किंग्डमच्या अन्य भागांत धोरण वेगळे आहे. पात्र कामगार न मिळाल्यास परवडणाऱ्या घरांस पात्र असलेल्यांना अशा घरात राहू देण्याची तरतूद वेल्सने २०१० मध्ये केली. स्कॉटलंडच्या मुख्य नियोजकाने २०११ मध्ये अशा अटी सामान्यतः टाळाव्यात, असे कळविले. उत्तर आयर्लंडमध्ये २०१० च्या धोरणाने, किमान सहा वर्षे चालू असलेल्या शेतीला दर दहा वर्षांतून एक घर देऊ केले. इंग्लंडमध्ये मात्र २०१४ पासून जुन्या शेतकी इमारतींचे निवासी घरांत रूपांतर करणे सुलभ झाले आहे. २०२४ मधील सुधारणेनंतर एका शेतघटकावर अशी दहापर्यंत घरे होऊ शकतात. राष्ट्रीय उद्यानांसारखी संरक्षित क्षेत्रे तेवढी वगळलेली आहेत. या घरांत राहणाऱ्याचा शेतीशी संबंध असावा, अशी अट नाही.