पाण्यात उतरण्याआधी

मराठीत या संस्काराला दोन नावे आहेत. वसईच्या कॅथलिक घरांत ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, तर नगर किंवा नंदुरबारकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘बाप्तिस्मा’. पहिला शब्द ऐकताच कळतो, दुसरा कळत नाही. त्या न कळण्यामागे एक जुने भांडण आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे, बुचकळणे. १८३०च्या दशकात कलकत्त्याच्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात हाच अर्थ सरळ उतरवला. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालणाऱ्या पंथांना तो मानवेना, आणि बायबल सोसायटीने त्या भाषांतराला मदत नाकारली. ग्रीक शब्द तसाच ठेवला की प्रत्येकाला आपापल्या रीतीने पाणी घालायची मोकळीक राहते. मराठी बायबलातही तोच शब्द आहे.

पाणी किती, यावर एवढी शाई खर्च झाली खरी. पण मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. ‘दिदाखे’ नावाचे एक छोटे ग्रीक पुस्तक आहे, साधारण पहिल्या शतकाच्या अखेरीचे मानले जाणारे. ते सांगते, वाहते पाणी घ्या. नसेल तर दुसरे चालेल. थंड नसेल तर कोमट. तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. पाण्याबाबत इतके सैल असलेले हे पुस्तक एका बाबतीत मात्र सैल नाही: बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपवास करायचा, आणि देणाऱ्यानेही. पुढे रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या नियमावलीत ही तयारी तीन वर्षांपर्यंत लांबते. शेवटी उमेदवाराला पाठांतर विचारत नाहीत. त्याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का, याची चौकशी होते. बालकांचा बाप्तिस्मा रूढ झाल्यावर उत्तरे धर्ममातापिता देऊ लागले आणि ही लांब वाट आखडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली, कॅथलिक चर्चने प्रौढांसाठी ती पुन्हा टप्प्याटप्प्याने आखून दिली.

एवढी तयारी कशासाठी? स्नान म्हटले की आपल्या मनात मळ जाणे येते. ते बाप्तिस्म्यात आहेच, पण पौल रोमकरांना लिहिताना त्यापुढे जातो. त्याच्या लेखी पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे. आंघोळ रोज करता येते, मरण एकदाच. म्हणून चर्च हा संस्कार दुसऱ्यांदा करत नाही.

महाराष्ट्रात हे मरण नेमके कुठे घडते, याबद्दल चर्च आणि समाज यांचे कधी एकमत झाले नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन. त्याला पाणी लागलेच नव्हते, पण तो मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. तरीही त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत रान उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांना घ्यावे म्हणणाऱ्यांची बाजू लढवावी लागली. चर्चने पाणी मोजले, समाजाने ताट.

लक्ष्मीबाई टिळकांनी तर हा क्रमच उलटवला. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सोबत नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की मधल्या काळात आधी सोवळे गेले, कुणाच्याही हातचे पाणी चालू लागले, आणि मग चर्चचे पाणी आले. त्यांना कुणी अभ्यासक्रम लावला नव्हता, पण हिप्पोलितसच्या परीक्षकांनी त्यांना पहिल्या फेरीतच उत्तीर्ण केले असते. आणि टिळक स्वतः? त्यांनी १९१७मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली.

पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार भागात, स्कँडिनेव्हियन मिशनरी विसाव्या शतकाच्या आरंभी आले. इथे सोवळ्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता मोहाच्या दारूचा. आणि दारू सोडा, अंघोळ करा हे सांगणारे मिशनरी एकटे नव्हते. १९२२मध्ये दक्षिण गुजरातेतून देवीची लाट इकडे पसरली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज न्हा. १९३७-३८च्या सुमारास तळोदे तालुक्यात मोरवडच्या गुलाम महाराजांनीही जवळपास हेच सांगितले. त्यांचे अनुयायी एकमेकांना ‘आप’ म्हणून हाक मारीत आणि आरतीला हजारो आदिवासी जमत. त्यामुळे इथल्या माणसाला बाप्तिस्मा म्हणजे आणखी एक दारूबंदीची शपथ वाटली असेल, तर त्यात त्याचे काय चुकले? देवीची आज्ञा गावाने मिळून पाळली आणि पुष्कळ ठिकाणी मिळूनच सोडली. बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र प्रश्न एकेकाला, नाव घेऊन विचारतात. तयारीच्या वर्गाने आधी हा फरक उलगडायला हवा, असे मला वाटते.

शिवाय दारू इथे नुसते व्यसन नाही. देवमोगरा मातेला ती वाहतात. जन्माला, लग्नाला, मरणाला तिची धार लागते. ती सोडणारा भावकीच्या विधीतूनही उठतो. श्रीपतच्या ताटाचीच ही दुसरी बाजू.

कायद्याच्या बाजूने मात्र डोंगरातला माणूस वेगळ्या जागी उभा आहे. १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. हिंदू, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, एवढ्यांनाच ती यादी लागू होते. जमातींच्या आदेशात तशी अट नाही. म्हणून बाप्तिस्मा घेतल्याने जालन्याकडच्या दलिताची सवलत जाते, नवापूरच्या मावची कुटुंबाची जात नाही. ती काढावी अशी मागणी अधूनमधून होते, आणि तेव्हा चर्चच्या नोंदवहीतली एक ओळ जमातीच्या दाखल्याशेजारी मांडली जाते.

ती ओळ लिहिण्याआधी उमेदवाराला विचारतात: तू पश्चात्ताप केला आहेस काय? तारणावर तुझा विश्वास आहे काय? ‘पश्चात्ताप’ आणि ‘तारण’ हे शब्द घरात मावची, देहवाली किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला ‘बाप्तिस्मा’ इतकेच परके असतील. पाणी नदीचे असो की भांड्यातले, तिचे ‘होय’ कोणत्या प्रश्नाला आहे, हे तिला तिच्या बोलीत आधी कळायला हवे. त्याला तीन वर्षे लागली तर लागू देत.