मोबाईलवरची मनाची मदत: होकार देण्याआधी

मनाचा ताण हलका करणारं ॲप खरंच उपयोगी आहे का, हे कसं ठरवतात? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करतात. एका गटाला ॲप, दुसऱ्याला नेहमीची मदत. काही आठवड्यांनी दोघांनाही तेच प्रश्न विचारून फरक पाहतात.

गोव्याच्या संगाथ संस्थेने शाळकरी मुलांसाठी ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ हा अडचणी सोडवायला शिकवणारा मोबाईलवरचा खेळ केला. कोविडमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा तो घरबसल्या, फोनवरून मार्गदर्शन देऊन तपासायचं ठरलं.

घरबसल्या चाचणीत मात्र अडचणी येतात. मोबाईल नवऱ्याचा असला, तर बाई खरं कसं लिहील? रिचार्ज संपला, विड्यांचं काम वाढलं, की ती गळते. जास्त त्रासातल्याच गळल्या, तर उरलेल्यांवरून ॲप आहे त्याहून गुणकारी दिसतं. आणि जीव नकोसा झालाय असं कुणी रात्री लिहिलं, तर पलीकडे वाचायला कोण?

म्हणून गटात अशी लिंक आली तर विचारा: माहिती मराठीत आहे का? माझी उत्तरं कोण पाहणार? संकटात फोन कुणाला करायचा? संमती दिल्यावरही मधेच बाहेर पडणं हा आपला हक्क आहे. गटाने ठराव केला म्हणून कुणीही भाग घेऊ नये.

मन आजच जड असेल, तर चाचणीची वाट पाहू नका. सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.