धुळीचा ताप

परवा नातीच्या कपाळासमोर तापमापक धरला. न टेकवताच आकडा आला, १०१. तिनं विचारलं, "आजोबा, लागला नाही, मग याला कळलं कसं?" अंगातून अवरक्त किरण निघतात, ते हे यंत्र मोजतं, एवढं सांगून सुटलो. पण मनात आली ती ताऱ्यांमधली धूळ. तिचा तापही असाच, न शिवता पाहतात.

ही धूळ म्हणजे सिलिकेटचे आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण. ताऱ्यांचा प्रकाश पिऊन ती तो अवरक्तात परत टाकते. वस्तू जितकी थंड, तितके तिचे किरण लांब लहरींचे. आपलं अंग ९ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत झळकतं; उणे २५३ अंशांची धूळ दीडशेच्या आसपास. नुसत्या तेजावरून मात्र ताप कळत नाही, कारण धूळ जास्त असली तरी तेज वाढतंच. म्हणून दोन लहरींवर मोजून गुणोत्तर काढायचं. आम्ही बँकवाले ताळेबंद असाच वाचायचो. कंपनी लहान की मोठी, हे गुणोत्तर विचारत नाही.

हवेतली वाफ हे किरण गिळते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं आपली एक मीटरची दुर्बीण हैदराबादहून फुग्याला बांधून तीसेक किलोमीटर उंच पाठवली.

पण गुणोत्तरही फसवतं. एका व्यापाऱ्याच्या दुकानातली वर्दळ पाहून मी कर्ज दिलं होतं. मागचं गोदाम उघडून पाहिलं नाही. तिथं न खपलेला माल छताला टेकला होता. खातं बुडालं. १९८३ च्या 'आयरास' उपग्रहाची सर्वांत लांब लहर १०० मायक्रॉनची. त्याच्या आकड्यांवरून इतर दीर्घिकांतली धूळ वायूच्या हजाराव्या हिश्शाएवढीच भरली. आपल्या आकाशगंगेत ती शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. बाकीची गेली कुठं? कोमट धूळ थोडी, पण झळकते फार. थंड धूळ ढीगभर, पण त्या लहरींवर जवळजवळ गप्प. आणखी लांब लहरींवर पाहिल्यावर हे गोदाम उघडलं.

काही कण तर इतके लहान, की प्रकाशाचा एकच कण आदळला तरी क्षणभर तापतात आणि लगेच निवतात. त्यांचा ताप किती म्हणायचा?

नातीचा ताप रात्री उतरला. तिच्या आजीनं कपाळाला हात लावून तो पाहिला.