अक्षरांची ठेव : कैरोच्या गेनिझाने राखलेले पूर्वज

आज विजयादशमी. घरोघरी पाटीवर सरस्वती रेखली जाईल. पोथ्या, पुस्तके, जमाखर्चाच्या वह्या चौरंगावर मांडल्या जातील आणि त्यांवर झेंडूची फुले व आपट्याची पाने वाहिली जातील. पुस्तकास चुकून पाय लागला तर ते मस्तकी लावून नमस्कार करावा, ही शिकवण आपल्याकडे मुलांस मुळाक्षरांच्याही आधी मिळते. ज्याला क्षर नाही, म्हणजे नाश नाही, ते अक्षर, असे आपण मानतो. परंतु कागद जीर्ण होतो, शाई फिकी पडते, लिहिणारा हात तर केव्हाच काळाच्या उदरात गेलेला असतो. मग अक्षर अविनाशी राहावे कसे? या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर नाईल नदीच्या काठी एका प्राचीन समाजाने, स्वतःच्याही नकळत, देऊन ठेवले आहे. आजच्या मंगल दिनी ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

तो समाज यहुद्यांचा. त्यांचे पंचांग आपल्यासारखेच चांद्रमासांचे असून अधिक महिना धरून सूर्याच्या गतीशी मेळ घालणारे आहे. तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी त्यांचा परमपवित्र उपवासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, येतो. पुष्कळ वर्षी तो आपल्या आश्विन शुद्ध दशमीच्या आगेमागेच असतो. २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला तर हे दोन्ही पुण्यदिवस एकाच तारखेस आले होते.

देवनाम असलेला कागद

यहुदी धर्माचरणात एक जुना दंडक आहे. ज्या कागदावर ईश्वराचे नाव लिहिले गेले, तो कागद फाडून टाकू नये, जाळू नये, पायदळी जाऊ देऊ नये. तो निरुपयोगी झाला की वेगळ्या जागी आदराने ठेवावा आणि यथावकाश दफनभूमीत, माणसाच्या देहाप्रमाणेच, पुरावा. अशा कागदांच्या ठेवणीच्या जागेस 'गेनिझा' म्हणतात. जीर्ण पोथी केरात न टाकता नदीत विसर्जित करणाऱ्या आपल्या वाडवडिलांस या दंडकाचे मर्म चटकन उमगले असते.

आजच्या कैरो शहराच्या जुन्या भागात, ज्यास पूर्वी फुस्तात म्हणत, बेन एझ्रा नावाचे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आहे. अकराव्या शतकात त्याची पुन्हा उभारणी झाली. त्याच्या एका भिंतीत उंचावर एक झरोका होता. शिडी लावून वर चढावे आणि जीर्ण कागद आतल्या अंधाऱ्या कोठडीत सोडून द्यावा, अशी वहिवाट. इतर ठिकाणचे असे कागद पुढे मातीत गेले. येथील कागद मात्र बहुतांशी कोठडीतच राहिले. सुमारे हजार वर्षे ते एकावर एक साचत गेले आणि मिसरदेशाच्या कोरड्या हवेने त्यांना कुजू दिले नाही.

त्या कोठडीत केवळ धर्मग्रंथांची पाने असती तर विद्वानांपलीकडे तिचे कौतुक कोणास वाटले नसते. परंतु आपल्याकडे जसे साध्या खुशालीच्या पत्राच्या माथ्यावरही 'श्री' लिहितात, तसे तेथील लोक पत्राच्या आरंभी ईश्वराचे नाव घालीत. शिवाय बोलणे अरबी असले तरी ते लिहीत हिब्रू अक्षरांत, आणि ती अक्षरेच त्यांस पूज्य. त्यामुळे व्यापाऱ्याचे हिशेब, नवऱ्यामुलीच्या चीजवस्तूंची यादी, न्यायसभेतील जबाब, वैद्याची औषधयोजना, लहानग्याने गिरविलेली मुळाक्षरे, असे सर्व काही त्या झरोक्यातून आत पडले. देवाच्या नावामागोमाग माणसांची नावेही राखली गेली.

धुळीतून ग्रंथालयात

१८९६ साली ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या विदुषी भगिनींनी पूर्वेकडील प्रवासात काही जुनी पाने विकत आणली आणि केंब्रिज विद्यापीठातील पंडित सॉलोमन शेख्टर यांस दाखविली. त्यांतील एक पान बेन सिरा या प्राचीन बोधग्रंथाच्या हिब्रू पाठाचे निघाले. हा ग्रंथ शतकानुशतके भाषांतरांतूनच वाचला जात होता. ही पाने कोठून आली याचा माग घेत शेख्टर त्याच वर्षाच्या अखेरीस कैरोस गेले. चार्ल्स टेलर या केंब्रिजमधील विद्वानाने त्यांच्या प्रवासास द्रव्यसाहाय्य दिले. धर्माधिकाऱ्यांच्या अनुमतीने शेख्टर त्या कोठडीत उतरले आणि कित्येक दिवस शतकांची धूळ अंगावर घेत त्यांनी कागद वेचले. १८९८ मध्ये तो संग्रह केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयास अर्पण करण्यात आला. त्यात सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेले सारे तुकडे मोजले तर त्यांची संख्या चार लाखांच्या घरात जाते.

आरंभी विद्वानांचे लक्ष धर्मग्रंथांच्या पानांवर होते. चिठ्ठ्याचपाट्यांस फारसे कोणी विचारीत नसे. त्या चिठ्ठ्यांचे मोल पुरतेपणी दाखवून दिले ते श्लोमो गॉइटाइन (१९००–१९८५) या इतिहासकाराने. हजारो पत्रे व दस्तऐवज त्यांनी वाचले आणि १९६७ पासून १९८८ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या पाच खंडांत त्या समाजाचा व्यापार, कुटुंब, दानधर्म, घरदार व दैनंदिन जीवन उभे केले. पाचवा खंड त्यांच्या निधनानंतर बाहेर आला.

पूर्वजांच्या याद्या

या संग्रहातील एक प्रकार आपल्या श्रद्धावान वाचकांच्या मनास विशेष भिडावा असा आहे. तो म्हणजे दिवंगतांच्या नावांच्या याद्या. कुटुंबातील पूर्वजांची नावे पिढीवार लिहून ठेवीत आणि प्रार्थनासभेत ती मोठ्याने उच्चारून त्यांच्यासाठी शांती मागत. पिता, पितामह, प्रपितामह ही आपल्याकडील तर्पणातील त्रयी ज्यांच्या मुखी आहे, त्यांस या प्रथेचा अर्थ समजावून सांगावयास नको. मात्र तेथील याद्या तीन पिढ्यांवर थांबत नाहीत. एकेका घराण्याच्या कितीतरी पिढ्या त्यांत ओळीने लागलेल्या दिसतात. जे नाव सद्गतीसाठी उच्चारले जाई, तेच आज इतिहासकाराच्या हाती वंशवृक्ष होऊन आले आहे.

या याद्यांत मुख्यत्वे पुरुषांचीच नावे येतात. स्त्रिया भेटतात त्या विवाहपत्रांत, मृत्युपत्रांत आणि न्यायसभेच्या कागदांत. गोरगरीब भेटतात ते धर्मादाय याद्यांत, कारण फुस्तातचा यहुदी समाज आठवड्यातून दोनदा गरजूंस पाव वाटीत असे आणि कोणास किती मिळाले याची नोंद ठेवीत असे. ज्यांचे चरित्र कोणीही लिहिले नसते अशी विधवा, आंधळा, परगावचा निराश्रित यांची आठवण त्या पावाच्या हिशेबामुळे उरली. राजांची नावे शिलालेखांवर कोरली जातात. येथे गरिबांची नावे साध्या कागदावर टिकली.

मंगळूरचा व्यापारी

या कोठडीतील काही पत्रांस आपल्या पश्चिम किनाऱ्याचा वास आहे. बाराव्या शतकात एडनमार्गे भारताशी चालणाऱ्या व्यापाराची शेकडो कागदपत्रे तेथे मिळाली आहेत. कोकणातील ठाणे बंदराचे नावही त्यांत आढळते. या व्यापाऱ्यांपैकी अब्राहम बेन यिजू हा मूळचा आजच्या ट्युनिशियातील महदिया गावचा. तो ११३२ च्या सुमारास मंगळूरकडे येऊन स्थायिक झाला. मिरी, वेलदोडे, सुपारी, लोखंड यांचा त्याचा व्यापार होता आणि पितळ-काशाची भांडी घडविण्याचा कारखानाही होता. एडनचे स्नेही त्याला साखर, मनुका आणि मुद्दाम कागद पाठवीत. आलेल्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर तो स्वतःचे हिशेब लिही. त्याचा बोम्मा नावाचा भारतीय दास व्यापाराची कामे पाही. स्नेह्यांच्या पत्रांत त्यालाही आवर्जून नमस्कार सांगितलेला आहे.

१७ ऑक्टोबर ११३२ रोजी बेन यिजूने अशू नावाच्या एका भारतीय दासीस मुक्त केल्याचा लेख उपलब्ध आहे. तीच पुढे त्याच्या मुलांची आई झाली, असे अभ्यासक मानतात. सतरा वर्षांनी, ११४९ मध्ये, तो मुलाबाळांसह एडनला परतला तेव्हा त्याच्या मायभूमीवर सिसिलीच्या राजाने स्वारी केल्याची आणि आप्त परागंदा झाल्याची वार्ता आली. त्या वेळी भावास लिहिलेल्या पत्रात तो आपली सारी मिळकत आप्तांबरोबर वाटून घेण्याची तयारी दाखवितो आणि आपली कन्या भावाच्या किंवा बहिणीच्या मुलास द्यावी, ही इच्छा व्यक्त करतो. पुढे त्याचा मुलगा दगावला. कन्येचा विवाह मात्र ११५६ मध्ये फुस्तात येथे त्याच्या पुतण्याशी झाला. परदेशी गेलेल्या कर्त्या पुरुषाची घराकडची ओढ, मुलीच्या लग्नाची विवंचना, भावंडांची काळजी ही सारी आठशेहून अधिक वर्षांनी त्या पत्रांतून आपल्यास ऐकू येते.

याहून करुण पत्र आहे ते डेव्हिड नावाच्या तरुण व्यापाऱ्याचे. थोर धर्मशास्त्री व वैद्य मोझेस मायमोनिडीज यांचा हा धाकटा भाऊ. ११७० च्या सुमारास तांबड्या समुद्रावरील एका बंदरातून त्याने वडील बंधूंस कळविले की, येथे मनाजोगता माल मिळत नाही म्हणून आपण पुढे भारताकडे जात आहोत, काळजी नसावी. तो भारताच्या सागरात बुडाला. मायमोनिडीज वर्षभर अंथरुणास खिळले. भावाचे हस्ताक्षर दृष्टीस पडले की अंतःकरण पिळवटून येते, असे त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी एका पत्रात लिहिले. डेव्हिडचे ते अखेरचे पत्र आज केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे.

कागद बुडाले तेव्हा

कागद राहिले म्हणून फुस्तातचे पूर्वज राहिले. कागद गेले की काय होते, हे आपल्याच कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या परंपरेवरून कळते. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि ग्रंथ समुद्रात गेले, असे ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ग्रंथ नव्हते, तरी शनिवारचा विसावा त्यांनी सोडला नाही. तेलाचा धंदा करणारे हे लोक त्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. ज्या गावी वस्ती केली त्या गावाचे नाव त्यांनी आडनावात जतन केले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर ही आडनावेच त्यांचे दप्तर झाली. पुढे मुंबई-पुण्यात स्थिरावल्यावर या समाजाने आपला वारसा मराठीत लिहिला, छापला. १८८० च्या सुमारास त्यांच्या धर्मकथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ पर्यंत लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणी तरी जपले, म्हणूनच हे शक्य झाले.

आपल्या घरची कोठडी

केंब्रिजला गेनिझाचे कागद अर्पण झाले त्याच १८९८ साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. गावोगाव पायपीट करून, घरोघरची दप्तरे धुंडाळून त्यांनी ही माला बावीस खंडांपर्यंत नेली. माळ्यावरच्या रुमालांत बांधलेले कागद रद्दी नव्हेत, हे त्यांनी महाराष्ट्रास शिकविले. तरीही आज जुना वाडा पाडताना, घर बदलताना, आजोबांच्या ट्रंकेतील मोडी कागद, आजीची पत्रे, जन्मटिपणे आणि वह्या न वाचताच टाकल्या जातात किंवा नदीस अर्पण होतात. श्रद्धेने विसर्जन केले तरी त्यांतील नावे परत येत नाहीत.

आज सरस्वतीपुढे जी पुस्तके मांडाल, त्यांत घरातील एखादे जुने पत्र, एखादी जीर्ण वही अवश्य ठेवावी. घरातील वडीलधाऱ्या माणसांस जवळ बसवून, पूर्वजांची जेवढी नावे त्यांस ठाऊक असतील तेवढी मुलांकडून लिहवून घ्यावी. पणजीचे, खापरपणजीचे माहेरचे नावही त्यात घालावे. मोडी कागद असतील तर जाणकारांकडून वाचवून घ्यावे, आणि सांभाळणे शक्य नसेल तर एखाद्या इतिहास संशोधन संस्थेच्या स्वाधीन करावे. पितरांचे ऋण तिळोदकाने फेडतात, तसे ते त्यांचे अक्षर जपूनही फेडता येते. फुस्तातच्या त्या झरोक्यातून कागद आत सोडणाऱ्या हातांस आपण इतिहास लिहीत आहोत याची जाणीव नव्हती. त्यांच्या मनी होता केवळ अक्षराविषयीचा आदर. तो आदर आपल्यापाशीही आहे. आजच्या सीमोल्लंघनात त्याचे पाऊल देवघरातून घराच्या माळ्यापर्यंत पडावे, एवढीच श्रीशारदेच्या चरणी आमची प्रार्थना.