मधमाशीचा एक तास

झाडावर मोहोळ दिसलं की लहानपणी आपण पहिलं काय करायचो? दगड शोधायचो. नाहीतर कुणीतरी मोठं माणूस ओरडायचं, 'पळा रे, चावतील!' मधमाशीबद्दलचं आपलं शिक्षण बहुतेक वेळा इथंच संपतं. एक चावणारी माशी आणि एक बाटलीतला मध. या दोन्हींच्या मध्ये ती दिवसभर काय करते, हे कुणी सांगतच नाही.

आता जरा पिंपळीच्या शिवारात चला. बारामती-इंदापूर पट्टा म्हटलं की डोळ्यासमोर ऊस येतो. उसाला मधमाशी लागत नाही, कांडी पुरली की तो फुटतो. पण शेजारच्या डाळिंबाचं काय? कलिंगड, कारलं, सूर्यफूल, कांद्याचं बियाणं? बहर चांगला आला, पण सेटिंगच झालं नाही, अशी तक्रार तुम्ही घरी ऐकली असेल. त्यामागं पाणी, हवामान, खत अशी अनेक कारणं असतात. परागकण नेणारं कुणी बागेत फिरकलं का, हा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी विचारला जातो. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त पिकं कमी-अधिक प्रमाणात अशा परागवाहकांवर अवलंबून आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर चालणाऱ्या जैवविविधता मंचाचा 2016 चा अहवाल सांगतो.

मग हे शिकवायचं कुणी? मित्रांनो, तुम्हीच. तुमच्या कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी कुठल्या तरी गावात असतंच. कृषी महाविद्यालयाचे कृषीदूत आणि कृषीकन्या तर गावात मुक्कामालाच असतात. त्यातला फक्त एक तास जिल्हा परिषदेच्या शाळेला द्या. जागतिक मधमाशी दिनाची वाट बघू नका. तो 20 मे रोजी येतो, तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते.

तासाला भाषण नको, लाल भोपळ्याचा वेल पुरे. त्याचं फूल पहाटे उमलतं. ज्या फुलाखाली इवलासा भोपळा दिसतो ते मादी फूल, बारीक देठावरचं ते नर. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या एका मादी कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधा, दुसरी उघडी ठेवा. आठवडाभर मुलांनाच लक्ष ठेवू द्या. झाकलेला भोपळा पिवळा पडून गळतो. उघड्या फुलाकडे माश्या येऊन गेल्या असतील, तर तिथला भोपळा धरतो. फळ्यावर 'परागीभवन' असा शब्द लिहून जे समजत नाही, ते इथं समजतं.

मग खेळ घ्या. फुलं कुठं आहेत हे मधमाशी नाचून सांगते. इंग्रजी आठच्या आकारात फिरताना मधल्या रेषेवर ती अंग थरथरवते. त्या रेषेवरून सूर्याच्या संदर्भानं दिशा कळते आणि थरथरण्याच्या वेळेवरून अंतर. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. एका मुलानं फूल लपवायचं, दुसऱ्यानं न बोलता नाचून सांगायचं, बाकीच्यांनी शोधायचं. वर्ग डोक्यावर घेतील, घेऊ द्या!

ओळख मात्र नीट करून द्या. झाडाच्या ढोलीत, अंधारात अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. झुडपात छोटं एकच पोळं करणारी फुलोरी. उंच झाडाला, पाण्याच्या टाकीला भलंमोठं पोळं लटकवणारी आग्या. पेटीत पाळतात ती सातेरी किंवा मेलिफेरा. आग्या पेटीत राहत नाही आणि तिच्या वाटेला जायचंही नाही.

कारण भीती घालवायची म्हणजे बेफिकीर करायचं नाही. आग्यामोहोळ उठलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून मुलांना हेही शिकवा: पोळ्याला दगड नाही, धूर नाही. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळायचं, खोलीत शिरून दार लावायचं. विहिरीत उडी तर अजिबात नाही. रुतलेला काटा लगेच काढायचा. खूप ठिकाणी चावल्या किंवा श्वास लागला, तर थेट दवाखाना. आणि तुमच्या तासात खऱ्या पोळ्याजवळ मुलांना नेऊ नका.

या तासाचा खरा परिणाम संध्याकाळी घरी दिसेल. पोरगं वडिलांना विचारेल, 'पप्पा, फुलं असताना सकाळी फवारणी का करता? माश्या तेव्हाच कामावर असतात ना?' फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळायची, करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी. शेजारी मधपेट्या असतील तर मालकाला आधी कळवायचं. एवढं पाळलं तरी हजारो माश्या वाचतात. बांधावर तुळस, झेंडू, शेवगा आणि उथळ ताटलीत खडे टाकून ठेवलेलं पाणी, हा गृहपाठ मुलं आनंदानं करतील.

तयारीसाठी दूर जायला नको. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे. शक्य झालं तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला जाऊन या. 2022 मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं.

शिबिराच्या वेळापत्रकात रस्ता झाडणं, प्रभातफेरी, व्याख्यान हे सगळं असतंच. यंदा त्यात एक ओळ वाढवा: 'सकाळी आठ ते नऊ, मधमाशी.' आणि शिबिर संपल्यावरही त्या शाळेत एक फोन करून विचारा, पिशवीतल्या भोपळ्याचं पुढं काय झालं?