दहीपूल, दूधबाजार व नाशिकचा जीर्णोद्धार

जुन्या नगराचा जीर्णोद्धार म्हटला म्हणजे वाडे, देवळें व घाट एवढ्यांचीच आठवण होते. नाशकांतील सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा ही राज्य-संरक्षित वास्तु दुरुस्त झाली, हें उत्तमच झालें. परंतु त्याच वस्तींतील दही, दूध, भाजी यांचा बाजार संरक्षणीय वस्तूंत कोणी धरीत नाहीं. वस्तुतः वाड्यांचें वय दोन-तीन शतकांचें. या पंचक्रोशींतील व्यापाराचें त्याहून पुष्कळच अधिक.

प्रमाण पांडवलेण्यांत आहे. नहपानाचा जामात उषवदात यानें नजीकच्या गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमचे ठेविले. पैकीं २००० दरमहा शेंकडा १ व १००० शेंकडा पाऊण व्याजानें. अशा ठेवीस शिलालेखांत 'अक्षयनीवि' म्हटलें आहे, म्हणजे मुद्दल राखून व्याज तेवढें खर्चावयाचें. पुढें तिसऱ्या शतकांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळच्या लेखांत, आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं ठेव घेणाऱ्या श्रेणींमध्यें 'तिलपिषक' येतात. 'पिष्' म्हणजे दळणें. तेव्हां हे आपले तेलीच, हें सांगावयास नको. ज्यांच्याकडे पैसा कायमचा ठेवावयाचा, ते पिढ्यान्‌पिढ्या जागेवर राहतील अशी दात्यांची खात्री होती. आज तशी खात्री कोण देईल?

शहरांतील स्थलनामें पाहावीं. 'दधि'पासून दही व 'दुग्धा'पासून दूध हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. पण सरस्वती नाल्यावरील दहीपूल आणि दूधबाजार हीं नांवें दफ्तर न चाळतांच तेथील व्यवहार सांगून जातात.

लंडन येथील कॉव्हेंट गार्डनची भाजी-फळांची मंडई १९७४ मध्यें नदीपलीकडे नाइन एल्म्स येथें हलविली. जुनी इमारत नीटनेटकी करून १९८० मध्यें उघडली. तींत आतां दुकानें व उपाहारगृहें आहेत, भाजीवाला मात्र नाहीं. यास कोणी जीर्णोद्धार म्हणोत. आम्हांस तें पटत नाहीं.

नाशकांत उलट प्रकार घडला. महानगरपालिकेनें गणेशवाडींत भाजीमंडई बांधली. ती कित्येक वर्षें रिकामी राहिली आणि विक्रेते गोदाकाठीं व रस्त्याकडेलाच बसत राहिले. यांत हट्ट किंवा अडाणीपणा पाहणें चूक होय. स्नान व देवदर्शन आटोपून परतणारें गिऱ्हाईक ज्या वाटेनें जातें त्याच वाटेवर पाटी मांडावी लागते. गोदाकांठचा बुधवारचा बाजारही याच न्यायानें भरत आला आहे.

२०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानें घाट व रस्ते पुन्हा हातीं घेतले जात आहेत. अशा वेळीं नकाशावर वाड्यांबरोबर विक्रेत्यांच्या बसण्याच्या जागाही आंखाव्या, कोणत्या जागीं कोणाचें घराणें किती पिढ्या बसतें तें त्यांच्याच तोंडून टिपून घ्यावें, आणि मग काय हलवावयाचें तें ठरवावें. टिपण्याचें काम आमच्यासारख्या इतिहासमंडळांचें आहे, व तें फरशी बसण्यापूर्वींच करावें लागेल.